४२२००१ : नाशिकचा पिनकोड पेन्सिलीने उलगडताना

नाशिककराने ४२२००१ हा आकडा शेकडो वेळा लिहिलेला असतो. बँकेच्या फॉर्मवर, लग्नपत्रिकेच्या पाकिटावर, कुरियरच्या चिठ्ठीवर. पण चार लाख बावीस हजार एक ही एक संख्या आहे, तिला अवयव आहेत, तिचा म्हणून काही स्वभाव आहे, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. गेल्या उन्हाळ्यात भाची सुट्टीला आली होती. एका दुपारी वीज गेली आणि आम्ही दोघांनी चौकटीच्या वहीवर ही संख्या उलगडायला घेतली. दोन दुपारी लागल्या. पद्धत क्रमाने सांगतो. तुमचा पिनकोड वेगळा असला तरी पायऱ्या याच.

सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय संचार खात्यातले मराठी अधिकारी होते, आणि ते संस्कृतचे कवीही होते. पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या विभागाचा. ४२२ म्हणजे नाशिकचा टपाल विभाग. शेवटचे तीन अंक त्या त्या पोस्टाचे, आणि ००१ हेड पोस्टाचा. टपाल खात्याचा संबंध इथे संपतो. पुढे नुसती संख्या.

नाशिकमध्ये बसून संख्येचे अंक उलटेपालटे करायचे म्हटलं की दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आठवणारच. डहाणूला १९०५ मध्ये जन्मलेला हा माणूस १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शाळामास्तर होता आणि उरलेल्या वेळात संख्यांशी खेळत होता. खालच्या निम्म्या पायऱ्या त्यांच्याच आहेत.

साहित्य: चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर, आणि तीसपर्यंतचे पाढे. कॅल्क्युलेटर ठेवा, पण दुसऱ्या खोलीत. शिवाय २ ते २१६ आकडे लिहून मूळ संख्यांची चाळणी आधीच करून ठेवा: २ च्या पटी खोडा, मग ३ च्या, ५ च्या, ७ च्या, ११ च्या, १३ च्या. उरतील त्या ४७ मूळ संख्या. २१६ च का, ते तिसऱ्या पायरीत कळेल.

पहिली पायरी: अंकांची बेरीज

४+२+२+०+०+१ = ९. म्हणजे ९ ने नि:शेष भाग जाणार. जातोही: ४२२००१ ÷ ९ = ४६८८९.

अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी हर्षद म्हटलं, हर्ष देणारी. आपली संख्या पहिल्याच फटक्यात हर्षद निघाली. शहरातल्या ४२२००१ ते ४२२०१३ या तेरा संख्या मी तपासल्या. त्यांत हर्षद तीनच: ४२२००१, ४२२००४ आणि ४२२०१०.

दुसरी पायरी: १००१ चा डाव

७, ११ आणि १३ यांनी वेगवेगळा भागाकार करत बसू नका. ७×११×१३ = १००१. आणि कोणत्याही तीन अंकी संख्येला १००१ ने गुणलं की ती दोनदा शेजारी शेजारी लिहिली जाते: ४२२×१००१ = ४२२४२२. आपली संख्या त्याहून ४२१ ने लहान आहे. म्हणजे प्रश्न एवढाच उरला की ४२१ ला ७, ११ किंवा १३ ने भाग जातो का. नाही जात. तिन्ही एका झटक्यात बाद.

थोडक्यात, शेवटच्या तीन अंकांतून पहिले तीन वजा करायचे आणि उरेल ते तपासायचं. देवळाली कॅम्पच्या ४२२४०१ वर हेच करा: ४२२ आणि ४०१ यांत फरक २१ चा. २१ ला ७ ने भाग जातो, म्हणून ४२२४०१ लाही: ७ × ६०३४३. एवढं तर तोंडी होतं.

३७ साठी असाच डाव ९९९ चा, कारण ९९९ = २७×३७. इथे वजाबाकीऐवजी बेरीज करायची: ४२२+००१ = ४२३. ३७×११ = ४०७, बाकी १६. तोही बाद.

तिसरी पायरी: ४६८८९ फुटते का?

खरी मेहनत इथे आहे. ९ बाहेर काढल्यावर उरलेली ४६८८९ मूळ संख्या आहे की तिचे आणखी तुकडे पडतात?

२१६×२१६ = ४६६५६ आणि २१७×२१७ = ४७०८९. म्हणजे ४६८८९ चं वर्गमूळ २१६ आणि २१७ च्या मध्ये. संख्या दोन अवयवांत फुटत असेल तर त्यातला लहान अवयव २१६ च्या पुढे जाऊच शकत नाही. म्हणून चाळणी २१६ पर्यंत. २ आणि ५ शेवटचा अंक पाहूनच बाद. ४६८८९ च्या अंकांची बेरीज ३५, म्हणून ३ बाद. ७, ११, १३ आणि ३७ दुसऱ्या पायरीतच बाद झाले, कारण ९ पटीला ज्याने भाग गेला नाही त्याने ४६८८९ लाही जाणार नाही. १०१ साठी अंकांच्या जोड्या करून आलटून पालटून बेरीज-वजाबाकी: ८९−६८+४ = २५, बाद. उरल्या ३९ मूळ संख्या.

एकोणचाळीस भागाकार ऐकून भाचीने वही मिटली होती. त्यावर उपाय आहे, आणि तो शाळेत फारसा शिकवत नाहीत. पूर्ण भागाकार करायचाच नाही. ज्या मूळ संख्येने तपासतोय तिची अशी पट वजा करा (किंवा मिळवा), की शेवटी शून्य येईल. मग ते शून्य टाकून द्या. मूळ संख्या २ किंवा ५ नसल्यामुळे शून्य टाकल्याने उत्तर बदलत नाही.

२३ घ्या. ४६८८९ मधून ६९ वजा: ४६८२०. शून्य टाका: ४६८२. त्यातून ९२ वजा: ४५९०, म्हणजे ४५९. पुन्हा ६९ वजा: ३९०, म्हणजे ३९. २३ चा पाढा ३९ वर येत नाही. झालं.

१९ घ्या. ४६८८९−१९ = ४६८७०, म्हणजे ४६८७. त्यातून ५७ वजा: ४६३०, म्हणजे ४६३. त्यातून १३३ वजा: ३३०, म्हणजे ३३. नाही जात.

हात बसला की एका संख्येला अर्धा मिनिटही लागत नाही. मोठ्या संख्यांना, म्हणजे शंभराच्या पुढच्यांना, मात्र सरळ भागाकार बरा पडतो. एकच वाक्य वहीच्या वर लिहून ठेवा: बाकी ठळक लिहा. मी १७३ पाशी आलो, १७३×२७१ केलं, आणि "सापडला!" म्हणून ओरडलो. बाकी ६ होती. माझ्या अक्षरातला ६ मलाच ० वाटला. भाचीने शांतपणे विचारलं, "मामा, तीन एके तीन ना? मग शेवटी नऊ कुठून आला?" १७३×२७१ चा शेवटचा अंक ३ च येणार, ९ येणं शक्यच नाही. गुणाकार आहे ४६८८३. अवयव सापडला असं वाटलं की आधी शेवटच्या अंकांचा गुणाकार करा, मग ओरडा.

असे हुलकावण्या देणारे आणखी दोघे आहेत: १७ आणि १९७. दोघांचीही बाकी फक्त ३.

२११ पर्यंत सगळं तपासून झालं आणि कशानेच भाग गेला नाही. म्हणजे ४६८८९ ही मूळ संख्या आहे आणि

४२२००१ = ३ × ३ × ४६८८९.

हर्षद संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने भागल्यावर मूळ संख्या उरली, तर तिला मोरन संख्या म्हणतात. आपली संख्या तीही आहे.

चौथी पायरी: अवयवांतून फुकट मिळणारं

विभाजक सहा: १, ३, ९, ४६८८९, १४०६६७ आणि ती स्वतः. स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज १८७५६९, संख्येच्या निम्म्याहूनही कमी. ही बेरीज संख्येइतकीच आली तर तिला परिपूर्ण संख्या म्हणतात; आपली त्याच्या जवळपासही नाही. ओळीने येणाऱ्या नऊ संख्यांची बेरीज म्हणूनही ती लिहिता येते, ४६८८५ ते ४६८९३. दोन वर्गांचा फरक म्हणून: २३४४९² − २३४४०². इथे रेंगाळण्यासारखं काही नाही.

पाचवी पायरी: दोन वर्गांची बेरीज

इथे मात्र रेंगाळा. फर्मा या गणितज्ञाने १६४० मध्ये सांगितलं आणि ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाने पुढच्या शतकात सिद्ध केलं, ते असं: ४ ने भागल्यावर बाकी १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि ती एकाच प्रकारे. ४६८८९ चे शेवटचे दोन अंक ८९; ४×२२ = ८८, बाकी १. म्हणजे कुठेतरी दोन वर्ग आहेतच. शोधायचे कसे?

आंधळेपणाने केलं तर दीड-दोनशे प्रयत्न होतील. त्याआधी चाळून घ्या. बेरीज विषम आहे, म्हणून एक वर्ग विषम आणि एक सम. विषम वर्गाला ८ ने भागलं की बाकी नेहमी १. ४६८८९ ला ८ ने भागलं तरी बाकी १ च. म्हणजे सम वर्गाला ८ ने पूर्ण भाग जातो, आणि त्यासाठी ती सम संख्या ४ च्या पाढ्यातली हवी. आता शेवटचा अंक. सम वर्ग ०, ४ किंवा ६ ने संपतो, विषम वर्ग १, ५ किंवा ९ ने. बेरजेच्या शेवटी ९ हवा असेल तर जोड्या दोनच: ०+९ किंवा ४+५. म्हणून आपली सम संख्या ०, २ किंवा ८ ने संपणार.

शोध मोठ्या टोकाकडून सुरू करा, कारण उरलेली संख्या लहान असली की ती वर्ग आहे का हे डोळ्यांना लगेच दिसतं. २१६ च्या खाली ४ च्या पाढ्यातल्या आणि ०, २, ८ ने संपणाऱ्या संख्या: २१२, २०८, २००...

२१२² = ४४९४४, उरले १९४५. ४४ चा वर्ग १९३६. नाही.
२०८² = ४३२६४, उरले ३६२५. ६० चा वर्ग ३६००. नाही.
२००² = ४००००, उरले ६८८९. आणि ८३×८३ = ६८८९.

तिसऱ्याच प्रयत्नात. ४६८८९ = २००² + ८३². संख्या त्याच्या नऊपट आहे, म्हणून दोन्ही संख्या तिप्पट करा:

४२२००१ = ६००² + २४९².

ताळा तोंडी होतो: ३६०००० + ६२००१. हेड पोस्टापासून ६०० मीटर सरळ चाललात, काटकोनात वळून आणखी २४९ मीटर गेलात, तर पोस्टापासून तुमच्या सरळ अंतराचा वर्ग बरोब्बर पिनकोड. गल्लीबोळांतून हे जमणार नाही, ते सोडा. चौकटीच्या वहीवर जमतं.

सहावी पायरी: कापरेकरांची वजाबाकी

संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, खाली तेच चढत्या क्रमाने, वजा करा; उत्तरावर पुन्हा तेच. चार अंकी संख्या घेतली आणि सगळे अंक सारखे नसले, तर जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४ वर पोहोचता आणि तिथेच अडकता. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. गंमत म्हणून १९४९ हीच संख्या घ्या: ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. पूर्ण सात पावलं.

सहा अंकांत एकच मुक्काम नाही. ५४९९४५ आणि ६३१७६४ हे दोन स्थिर मुक्काम आहेत, आणि शिवाय सात संख्यांचं एक चक्र. आधीची शून्यं गाळायची नाहीत. सहा जागा म्हणजे सहाच. मुलांच्या निम्म्या चुका इथे होतात. आता करू:

४२२१०० − ००१२२४ = ४२०८७६
८७६४२० − ०२४६७८ = ८५१७४२
८७५४२१ − १२४५७८ = ७५०८४३
८७५४३० − ०३४५७८ = ८४०८५२
८८५४२० − ०२४५८८ = ८६०८३२
८८६३२० − ०२३६८८ = ८६२६३२
८६६३२२ − २२३६६८ = ६४२६५४
६६५४४२ − २४४५६६ = ४२०८७६

भाची म्हणाली, "मामा, हा परत आला." चक्र पूर्ण. आणि आमचं हेड पोस्ट पहिल्याच वजाबाकीत चक्रात शिरलं होतं. प्रत्येक पावलाला ताळा आहे: वरच्या आणि खालच्या ओळीत अंक तेच, म्हणून फरकाला ९ ने भाग जायलाच हवा. अंकांची बेरीज करून पाहा. या सातही संख्यांची ती २७ च येते. वेगळं काही आलं तर हातचा चुकलाय.

मग आम्ही शेजाऱ्यांची चौकशी केली. त्र्यंबकेश्वरचा ४२२२१२ फार हिंडतो: २९९९९७, ७१९९७३, ८५९९३२, ७६२६३३, ५३२६६५, ४२९९६६, ७४९९४३, ६५२६४४ आणि नवव्या पावलाला ४२०८७६. पंचवटीचा ४२२००३ आणि देवळाली कॅम्पचा ४२२४०१ हे दोघेही पहिल्या पावलात ४२९९६६ वर येतात, म्हणजे त्र्यंबकच्या वाटेला लागतात. नाशिक रोडचा ४२२१०१ वेगळ्या वाटेने जातो आणि सहाव्या पावलाला ८६०८३२ पाशी चक्रात येतो. अंबडचा ४२२०१० तपासायची गरजच नाही. त्यात अंक तेच आहेत, त्यामुळे प्रवासही हेड पोस्टाचाच.

कापरेकर संख्या नावाची वेगळी जात आहे: वर्ग करून मध्ये कापायचा आणि दोन तुकड्यांची बेरीज मूळची संख्या यायला हवी. ७०३² = ४९४२०९, आणि ४९४+२०९ = ७०३. आपली यात बसत नाही: १७८०८४ + ८४४००१ दहा लाखांच्या वर जातं.

सातवी पायरी: जनक आहे की स्वयंभू?

कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्मते. ४२२००१ + ९ = ४२२०१०; म्हणजे हेड पोस्टातून अंबड जन्मलं. पण ४२२००१ कोणातून जन्मली? काही संख्यांना असा जनकच नसतो. त्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटलं, आणि आपल्या गावावरून देवळाली संख्या असंही नाव दिलं. त्र्यंबकच्या पिंडीला स्वयंभू म्हणणाऱ्या नाशिककराला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

सहा अंकांची बेरीज जास्तीत जास्त ५४, म्हणून जनक असलाच तर फार तर ५४ घरं मागे असेल. ४२२००० पासून पुढची कोणतीही संख्या घेतली तर ती ४२२००८ किंवा त्याच्या पुढेच जाते. तेव्हा जनक ४२१९ ने सुरू होणार. त्याच्या दशकाचा अंक द आणि एककाचा ए माना. पहिल्या चार अंकांची बेरीज १६. सगळं मिळून ४२१९१६ + ११ द + २ ए. हे ४२२००१ हवं असेल तर ११ द + २ ए = ८५.

८५ विषम, म्हणून द विषम. द = ९ घेतला तर ९९, फार झाले. द = ७ घेतला तर ७७, उरले ८, ए = ४. द = ५ घेतला तर उरतात ३०, ए = १५, आणि एका अंकात पंधरा मावत नाहीत. म्हणजे जनक एकच: ४२१९७४. ताळा: ४+२+१+९+७+४ = २७, आणि ४२१९७४ + २७ = ४२२००१.

आता शरणपूर रोडच्या पत्त्यांवरचा ४२२००२ घ्या. ११ द + २ ए = ८६. द सम हवा. द = ८ घेतला तर ८८, पुढे गेलं. द = ६ घेतला तर उरले २०, ए = १०, मावत नाही. त्याखाली आणखी वाईट. जनक नाही. ४२२००२ स्वयंभू.

४२२०१३ पर्यंत आम्ही एकेक तपासत गेलो. ४२२००८ ला तर दोन जनक निघाले, ४२१९८२ आणि ४२२०००. ४२२००८ पासून पुढे दोन खाती तपासावी लागतात हे लक्षात ठेवा: ४२१९ ने सुरू होणारं जुनं, आणि ४२२० ने सुरू होणारं नवं, ज्याचं सूत्र ४२२००८ + ११ द + २ ए. गंगापूर रोडच्या पत्त्यांवर दिसणारा ४२२०१३ दोन्ही खात्यांत नापास झाला. पहिल्यात ९७ हवेत: द = ९ ला ९९ होतात, द = ७ ला ए = १० येतो. दुसऱ्यात ५ हवेत, आणि द = ० ठेवून २ ए = ५ होत नाही. तोही स्वयंभू. तेरांत दोन.

शेवटी साहजिकच देवळाली कॅम्पचा ४२२४०१ घेतला. ४२२३ ने सुरू होणारा जनक, पहिल्या चार अंकांची बेरीज ११, म्हणून ११ द + २ ए = ९०. द = ८, ए = १. जनक सापडला: ४२२३८१ + २० = ४२२४०१. भाचीने वहीत लिहिलं, "देवळालीचा पिनकोड देवळाली संख्या नाही," आणि खाली दोन रेघा ओढल्या.